घाणेरी, जलपर्णी, वेडेलिया : बागेतून पळालेल्या वनस्पती आणि नाशिकचे अंगण

१/
नाशिकचे मध्ययुगीन नाव गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे शहर. अठराव्या शतकात मराठ्यांच्या अमलात 'नाशिक' हे जुने नाव पुन्हा रूढ झाले. बागांची हौस मात्र शहराने सोडली नाही. आज बंगल्यांच्या आवारांत आणि सोसायट्यांच्या भिंतींलगत गर्द हिरव्या पानांची, पिवळ्या फुलांची एक दाट चादर अंथरलेली दिसते. रोपवाटिकेत तिचे नाव वेडेलिया. हा धागा तिच्याविषयी आणि बागेतून पळालेल्या तिच्या पूर्वसुरींविषयी आहे.

२/
प्रथम ओळख. मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा उष्ण भाग ही या वनस्पतीची मायभूमी. १७५९ साली लिनियसने तिचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे ती 'वेडेलिया' या प्रजातीत गेली. हे नाव जर्मन वैद्य व वनस्पतिज्ञ गेओर्ग वोल्फगांग वेडेल यांच्यावरून पडलेले. १९९६ साली शास्त्रज्ञांनी तिला 'स्फॅग्नेटिकोला' प्रजातीत हलवले. बाजाराने ही बदली मानली नाही. इंग्रजीत तिला सिंगापूर डेझी म्हणतात. सिंगापूर तिचे माहेर नव्हे, तरीही.

३/
लोकांना ती का आवडते, हे समजण्यास कठीण नाही. वर्षभर फुलते. ऊन, सावली, खडकाळ जमीन, साचलेले पाणी, सगळे तिला चालते. खत मागत नाही, फवारणी मागत नाही. एकदा लावली की उघडी माती काही महिन्यांत झाकून टाकते आणि माळ्याचे निंदणीचे काम वाचते. ज्या घरात बागेला वेळ देणारे कोणी उरलेले नाही, त्या घराला ही वनस्पती वरदान वाटली तर नवल नाही.

४/
आणि नेमके हेच गुण तिला धोकादायक करतात. तिच्या सरपटणाऱ्या खोडाला ठरावीक अंतरावर पेरे असतात. जमिनीला टेकलेले प्रत्येक पेर मुळे धरते. म्हणून तिला कापणे म्हणजे तिची रोपे तयार करणे. बियांवर ती फारशी अवलंबून नाही. बोटभर लांबीचा, एकच पेर असलेला तुकडा तिला पुरतो. तिच्या अंगातील रासायनिक द्रव्ये शेजारच्या वनस्पतींच्या बियांचे अंकुरण रोखतात, असेही प्रयोगांत दिसून आले आहे.

५/
कुणी म्हणेल, घरच्या बागेत काय लावावे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. इतिहास या म्हणण्याला दुजोरा देत नाही. भारतातील रानांना आणि नद्यांना ग्रासणाऱ्या काही सर्वांत उपद्रवी वनस्पती कुणा शत्रूने आणलेल्या नाहीत. त्या बागप्रेमींनी आणल्या, कौतुकाने वाढवल्या आणि शेजाऱ्यांना वाटल्या. वेडेलियाकडे पाहण्याआधी ही वंशावळ पाहिली पाहिजे.

६/
त्याही आधी एक साधा प्रश्न : जमीन झाकणाऱ्या शोभिवंत वनस्पतीची गरज आपल्याला कधीपासून भासू लागली? जुन्या नाशकातील वाड्याचा चौक फरसबंद असे, अंगण सारवलेले असे, मध्ये तुळशीवृंदावन. परसात अळू, कर्दळ, गवती चहा, कढीलिंब, एखादे पारिजातक. उघडी माती ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हती. परसातील बहुतेक झाडाला स्वयंपाकात, औषधात किंवा पूजेत काही ना काही काम होते.

७/
बंगला आणि त्याभोवतीची हिरवळ ही कल्पना वसाहतकाळाची. छावण्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या वसाहतींतून ती आली. नाशिकजवळच्या देवळालीलाही एकोणिसाव्या शतकापासून लष्करी छावणी आहे. 'जमीन कायम हिरवी दिसली पाहिजे' हा दंडक इंग्लंडच्या ओल्या हवेत सोपा होता. दख्खनच्या आठ कोरड्या महिन्यांत तो पाळायचा, तर पाणी तरी ओतावे लागते किंवा पाण्यावाचून तगणारी चिवट वनस्पती तरी शोधावी लागते. वेडेलिया हे या दुसऱ्या शोधाचे उत्तर.

८/
आता वंशावळ. पहिली घाणेरी, म्हणजेच टणटणी. उष्ण अमेरिकेतली ही झुडुपे सतराव्या शतकात युरोपात पोहोचली. तिथल्या काचघरांत त्यांचे संकर झाले, रंगीबेरंगी वाण निघाले. कलकत्त्याजवळचे वनस्पती उद्यान १७८७ साली स्थापन झाले होते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे घाणेरी शोभेचे झुडूप म्हणून दाखल झाली. पुढे ती कुंपणासाठी लोकप्रिय ठरली. गुरे तिला तोंड लावत नाहीत, हा तिचा मोठाच गुण मानला गेला.

९/
गुरे तोंड लावत नाहीत, कारण ती त्यांना विषारी आहे. पक्ष्यांनी फळे खाल्ली, बिया रानात नेल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील वाघांच्या अधिवासाच्या ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्राला घाणेरीचा विळखा आहे. जिथे ती माजते तिथे गवत हटते. गवत हटले की चरणारे प्राणी हटतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका कुंपणाची किंमत आज वनविभाग, आदिवासी पाडे आणि गुराखी मोजत आहेत. कुंपण लावणाऱ्यांपैकी कुणीही ती मोजली नाही.

१०/
दुसरी जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतील. जांभळट, मोरपिसासारखा डोळा असलेले तिचे फूल खरोखरच सुंदर असते आणि त्या फुलापायीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात आली. हौदातून तळ्यात, तळ्यातून खाडीत, खाडीतून भातशेतीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत बंगालातील नौकानयन, मासेमारी आणि भाताची शेती तिने अडवून धरली होती. १९२१ साली सरकारने तिच्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते जगदीशचंद्र बोस.

११/
अखेर १९३६ साली बंगालात जलपर्णीविरोधी कायदा झाला. स्वतःच्या जमिनीत, आवारात वा तळ्यात ही वनस्पती बाळगण्यास त्याने मनाई केली आणि निर्मूलनाच्या कामात सहभाग बंधनकारक केला. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत पक्षांच्या जाहीरनाम्यांत जलपर्णीमुक्तीचे आश्वासन होते. एका शोभेच्या फुलाने राजकारणाचा विषय व्हावे, एवढी मजल तिने मारली. कायदा आला तेव्हा वनस्पती येऊन चार दशके होत आली होती. जलपर्णी आजही बंगालात आहे.

१२/
ती गोदावरीतही आहे. पाणी संथावले, सांडपाणी मिसळले, की नाशिककरांना नदीऐवजी हिरवे कुरण दिसू लागते. यंत्रे लावून ती काढली जाते आणि पुन्हा वाढते. शहराच्या खाली, निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर आहे. २०२० साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला; महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ. हजारो मैलांवरून येणारी बदके ज्या पाण्यावर उतरतात, त्या पाण्यापर्यंत नाशिकचे प्रत्येक गटार शेवटी पोहोचते.

१३/
येथे गाजरगवताची तुलना उद्बोधक ठरेल. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि बघता बघता ते देशभर पसरले. ते आयात धान्यातून आले, असे मानले जाते. कुणी त्याला हौसेने कुंडीत लावले नव्हते. म्हणून त्याचा तिरस्कार करणे सोपे गेले. शाळाशाळांतून त्याच्या निर्मूलनाचे श्रमदान झाले. घाणेरी, जलपर्णी आणि वेडेलिया यांच्या वाट्याला असा सार्वत्रिक तिरस्कार येत नाही, कारण त्यांच्याकडे फूल आहे. सौंदर्य हे त्यांचे पारपत्र आहे.

१४/
एक नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००० साली जगातील १०० अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींची यादी प्रसिद्ध केली. तीत घाणेरी आहे, जलपर्णी आहे आणि वेडेलियाही आहे. पहिल्या दोघींना आपण आज शत्रू मानतो. तिसरी आपण पैसे देऊन विकत आणतो.

१५/
यावर एक आक्षेप हमखास येतो : परदेशी वनस्पतींचा हा द्वेष कशाला? आक्षेप रास्त आहे आणि त्याला नाशकातच उत्तर सापडते. या जिल्ह्याची समृद्धी परदेशी वनस्पतींवर उभी आहे. द्राक्ष पश्चिम आशियाच्या बाजूचे. टोमॅटो, मका आणि मिरची अमेरिकेतून आलेली. केवळ जन्मस्थान पाहून झाडाला दोषी ठरवायचे, तर नाशिकची बाजार समिती ओस पडेल.

१६/
त्याहून चपखल उदाहरण झेंडूचे. तोही मेक्सिकोचा, तोही सूर्यफुलाच्या कुळातला, म्हणजे वेडेलियाचा लांबचा भाऊबंद. तोही पिवळा. परंतु दसऱ्याचे तोरण त्याच्याशिवाय होत नाही आणि कुणी त्याला आक्रमक म्हणत नाही. कारण झेंडू बहुधा लावला तिथेच राहतो. हंगाम संपला की सुकतो, पुढच्या वर्षी माणसाने पुन्हा लावावा लागतो. वेडेलियाला पुन्हा लावावे लागत नाही. कसोटी जन्मगावाची नसावी, वर्तनाची असावी.

१७/
हीच कसोटी उलट्या बाजूनेही लागू पडते. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा आपल्याकडे पवित्र; जगाच्या कितीतरी भागांत मात्र शेतकरी तिला हट्टी तण मानतात, आणि त्यांच्या शेतापुरते ते खरे आहे. कोणतीही वनस्पती जात्या दुष्ट नसते. आपल्या मायभूमीत वेडेलियाला खाणारे कीटक आहेत, रोग आहेत, स्पर्धक आहेत. इथे ते तिच्याबरोबर आले नाहीत. लगाम मागे राहिला आणि घोडा पुढे आला.

१८/
दुसरा आक्षेप मालकीचा : अंगण ज्याचे, निवड त्याची. पण 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' अन्वये शहरात स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासही परवानगी लागते. खासगी जमिनीवरील झाडात समाजाचा वाटा असतो, हे तत्त्व महाराष्ट्राने अर्ध्या शतकापूर्वीच मान्य केले. मग तोडण्याला जो नियम, त्याची सावलीसुद्धा लावण्यावर पडू नये, हे विचित्र आहे. चुकीचे तोडलेले झाड एका जागेचे नुकसान करते; चुकीचे लावलेले झुडूप एका जागेवर थांबत नाही.

१९/
नाशिकच्या बाबतीत हा मुद्दा अधिक तीव्र होतो, कारण हे शहर नदीच्या उगमाजवळ वसले आहे. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, काही कोसांवर नाशकात येते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. शहरातील नासर्डी, वालदेवी, वाघाडी तिलाच मिळतात. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले, यावरून नाशिककर पुराची उंची मोजतात. त्याच पुरात नाल्याकाठी टाकलेली बागेची छाटणीही वाहत असते. वेडेलियासाठी तो प्रवास आहे.

२०/
शहराच्या वरच्या अंगाला अंजनेरी आहे. तिथल्या कातळपठारावर उगवणारी 'सेरोपेजिया अंजनेरिका' ही कंदीलपुष्पाची जात २००६ साली विज्ञानाला नव्याने ज्ञात झाली. तिच्या नावातच हा डोंगर आहे. पावसाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत ती फुलते, उरलेले वर्ष जमिनीखालच्या कंदात काढते. अशा नाजूक वनस्पतींचा संसार थोड्याशा उघड्या मातीवर चालतो. त्र्यंबक रस्त्याने बंगले, विश्रामगृहे आणि त्यांच्या शोभिवंत बागा डोंगराकडे सरकत असताना तिथे काय लावले जाते, हा प्रश्न सौंदर्यदृष्टीपुरता राहत नाही.

२१/
वेडेलियाच्या बाजूने जे खरे आहे तेही मांडले पाहिजे. ती उतारावरची माती धरून ठेवते. तिच्या फुलांवर मधमाश्या व फुलपाखरे येतात. टंचाईच्या काळात हिरवळीपेक्षा तिला कमी पाणी पुरते. चारी बाजूंनी काँक्रीट असलेल्या कुंडीत ती कुणाचे फारसे बिघडवणार नाही. परंतु बागेतली कुंडी आणि नाल्याकाठची जमीन यांच्यात अंतर असते ते एका छाटणीचे. आणि ती छाटणी कुठे फेकली जाते, यावर मालकाचे लक्ष क्वचितच असते.

२२/
ही बाब आपली भाषा आणि आपला स्वभाव यांच्याशीही जोडलेली आहे. आपल्याकडे रोप मागणे आणि फांदी देणे हा शेजारधर्म आहे. अलीकडे संक्रांतीच्या वाणातही रोपे लुटली जातात. ही सुंदर रीत आहे. पण जी वनस्पती सर्वांत सहज रुजते, तीच सर्वांत अधिक वाटली जाते. 'काही करावे लागत नाही, नुसती खोचून द्या' ही शिफारस ऐकू आली, की तिथेच सावध व्हायला हवे. औदार्याला विवेकाची जोड नसेल, तर ते उपद्रवाचे वाहन होते.

२३/
इतरत्र काय झाले? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात ही वनस्पती बागांसाठीच लोकप्रिय झाली होती. आज तिथे ती निर्बंधित आक्रमक वनस्पती आहे. ती विकणे किंवा कुणाला देणे कायद्याने निषिद्ध आहे. भारतात २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात कलम ६२ अ आले. आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांवर नियंत्रण आणण्याचा अधिकार त्यामुळे केंद्र सरकारला मिळाला. अधिकार कागदावर आला म्हणून रोपवाटिकेतील वाफा आपोआप रिकामा होत नाही. बंगालने चार दशके घालवली. तोच धडा पुन्हा गिरवण्याची गरज नाही.

२४/
पर्याय आहेत आणि ते दूरचे नाहीत. वेडेलियाची सख्खी भारतीय बहीण आहे पीतभृंगराज. तीही जमिनीलगत पसरते, तिलाही पिवळी फुले येतात आणि आयुर्वेदात तिला स्थान आहे. ओलसर सावलीत मंडूकपर्णी, म्हणजे कारिवणा. पाणथळ कोपऱ्यात ब्राह्मी. उन्हाळ मुरमाड जागेत निळ्या फुलांची विष्णुकांता. यांपैकी कुणीही वेडेलियाच्या वेगाने जमीन झाकणार नाही. हा उणेपणा नसून त्यांना निवडण्याचे कारण आहे. आणि पाचोळ्याचा जाड थर हेही उघड्या मातीचे उत्तम पांघरूण आहे.

२५/
ज्यांच्या अंगणात ती आधीच आहे, त्यांच्यासाठी. पावसानंतर माती मऊ असताना हाताने, मुळांसकट उपटावी. नुसती कापू नये. उपटलेला भार नाल्यात, मोकळ्या भूखंडावर किंवा ओल्या खतखड्यात टाकू नये. गच्चीवर किंवा फरशीवर उन्हात पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत वाळवावी, मगच खतात घालावी. राहिलेले पेर पुन्हा फुटते, म्हणून वर्षभर दर महिन्याला त्या जागेवरून नजर फिरवावी. मोकळी झालेली जागा लगेच दुसऱ्या रोपांनी भरावी. रिकामी जागा ती पुन्हा घेते.

२६/
मात्र सारा भार घरमालकावर टाकणे अन्यायाचे ठरेल. तो बाजारात जे मिळते ते आणतो. रोपवाटिकांनी अशा रोपांवर स्पष्ट सूचना लिहावी, आणि त्याहून बरे म्हणजे ती विकूच नयेत. सार्वजनिक उद्यानांच्या व दुभाजकांच्या निविदांमध्ये लावायच्या वनस्पतींची यादी आधी जाहीर व्हावी आणि जगमान्य उपद्रवी जातींना तीत जागा नसावी. २०२७ साली नाशकात सिंहस्थाची पर्वणी आहे. नदीकाठ थोड्या अवधीत हिरवा दाखवण्याचा मोह अशा वेळी प्रबळ असतो आणि थोड्या अवधीत हिरवे करणारी वनस्पती कोणती, हे आता सांगायला नको.

२७/
पंचवटी या नावात पाच वड आहेत. लावलेल्या झाडांवरून एखाद्या जागेचे नाव पडते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते, याची साक्ष नाशिकइतकी क्वचितच कुणी देईल. घाणेरी लावणाऱ्यांना आणि जलपर्णी हौदात सोडणाऱ्यांना पुढचे ठाऊक नव्हते. त्यांना अज्ञानाचा फायदा देता येतो. आजच्या बागप्रेमींसमोर दोनशे वर्षांचा इतिहास उघडा आहे. तो वाचून जो वेडेलियाची फांदी शेजाऱ्याला देईल, त्याला तो फायदा मागता येणार नाही.

(धागा समाप्त)